छोटे जहाज, पण कोणते? एकट्या प्रवाशासाठी मोहीम-जहाज आणि बुटीक जहाज

क्रूझच्या माहितीपत्रकांत ‘छोटे जहाज’ हा शब्दप्रयोग इतक्या सैलपणे वापरला जातो की त्याच्या आडोशाला दोन अगदी वेगळ्या जातींची जहाजे शेजारी शेजारी येऊन बसतात. एक ‘एक्स्पिडिशन शिप’, ज्याला आपण सोयीसाठी मोहीम-जहाज म्हणू. आणि दुसरे बुटीक जहाज, म्हणजे एखाद्या मोठ्या खासगी यॉटच्या धर्तीवर चालवले जाणारे आरामदायी जहाज. दोन्हींवर प्रवासी साधारणपणे शंभर ते तीनशे, दोन्हींचे भाडे मोठ्या जहाजांच्या मानाने चढे, आणि दोन्हींच्या छायाचित्रांत डेकच्या कठड्याला टेकून क्षितिजाकडे पाहणारी एकच एक व्यक्ती. जोडीने जाणाऱ्यांची निवड चुकली तर त्यांची सुटी थोडी फिकी पडते. एकट्याने किंवा एकटीने जाणाऱ्याची चुकली, तर दहा दिवस बोलायला कोणी नाही किंवा उलट दहा दिवस घटकाभर एकांत नाही, अशी पंचाईत होते आणि समुद्रात मधेच उतरताही येत नाही.

गोंधळ होण्याला कारणही आहे. बाहेरून पाहिल्यास ही जहाजे एकमेकांची भावंडे वाटतात आणि कधी कधी तर ते एकच जहाज असते. ‘सिल्व्हर क्लाउड’ हे जहाज १९९४ मध्ये निव्वळ आरामदायी छोटे जहाज म्हणून सेवेत आले आणि २०१७ मध्ये बर्फाळ पाण्यात जाता येईल असे बदल करून त्याचेच मोहीम-जहाज केले गेले. नाव तेच राहिले, प्रवासाचा प्रकार मात्र पार बदलला. त्यात भर म्हणजे जहाजाच्या आकाराचा जो आकडा छापला जातो, तो ‘ग्रॉस टनेज’, वजन सांगतच नाही. तो जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे मोजमाप असतो. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी जागा किती याचा अंदाज येतो, आणि बुटीक जहाजांची तुलना करताना हा भागाकार उपयोगी पडतो. मोहीम-जहाजाच्या बाबतीत मात्र तो फारसे काही सांगत नाही, कारण त्याच्या पोटातली बरीच जागा रबरी होड्या, जादा इंधन आणि बुटांच्या कप्प्यांनी व्यापलेली असते.

खरा फरक दिवस कसा जातो यात आहे. मोहीम-जहाजाची कल्पना लार्स-एरिक लिंडब्लाड यांच्या सहलींतून रुजली. त्यांनी १९६६ मध्ये पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेले आणि १९६९ मध्ये त्यासाठीच बांधलेले ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ हे जहाज पाण्यात उतरवले. तेव्हापासून या जातीच्या जहाजाचे प्रयोजन एकच राहिले आहे: जिथे धक्का नाही, बंदर नाही, तिथे माणसांना किनाऱ्यावर उतरवणे. हे उतरणे जवळून पाहण्यासारखे असते. न्याहारी झाली की ‘मडरूम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलीत सगळे जमतात. जलरोधक विजारी चढवल्या जातात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट जंतुनाशकाच्या हौदात बुडवले जातात, आणि ध्रुवीय प्रदेशात जायचे असेल तर त्याआधीच एखाद्या संध्याकाळी प्रत्येकाचे जाकीट, खिसे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ करून घेतलेल्या असतात, कारण परक्या गवताचे एक बीसुद्धा तिथल्या जमिनीवर पडता कामा नये. मग जहाजाबाहेर गेल्याची नोंद म्हणून फळ्यावरची आपल्या क्रमांकाची चकती उलटी करायची किंवा कार्ड यंत्राला दाखवायचे, शिडी उतरायची, आणि खालच्या हेलकावणाऱ्या झोडियाक या फुगवलेल्या रबरी होडीत उभ्या असलेल्या खलाशाचा हात पंजाऐवजी मनगटाच्या वर धरून आत पाय टाकायचा. होडीत दहाएक जण दोन्ही कडांवर समोरासमोर बसतात. या दहांत तुमचे कोणी आहे की नाही, हा प्रश्न तिथे कोणाच्याही मनात येत नाही, कारण शेजारच्याच्या बुटाखाली अडकलेला तुमच्या लाइफ जॅकेटचा पट्टा तोच सोडवून देत असतो.

मोहीम-जहाजावर प्रवाशांची संख्या म्हणजे नुसती गर्दीची चर्चा नव्हे, ती किनाऱ्यावरच्या वेळेशी थेट बांधलेली असते. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या सहल-कंपन्यांच्या ‘आयाटो’ या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या नियमांनुसार एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी किनाऱ्यावर असू शकतात आणि ५०० हून अधिक प्रवासी असलेले जहाज तिथे कोणालाच उतरवत नाही. म्हणजे शंभराच्या आतले जहाज सगळ्यांना एकदम उतरवू शकते, पण दोनशेच्या जहाजावर अर्धे लोक किनाऱ्यावर असताना उरलेले अर्धे होडीतून फेरफटका मारतात किंवा जहाजावर वाट पाहतात. इक्वाडोरच्या गालापागोस बेटांवर जहाजालाच १०० प्रवाशांची मर्यादा असून सोळा जणांमागे एक निसर्ग-मार्गदर्शक लागतो. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड या ध्रुवीय बेटांच्या संरक्षित भागांत १ जानेवारी २०२५ पासून दोनशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही. तेव्हा ‘आमचे जहाज छोटे आहे’ असे कोणी म्हटले, तर लगेच विचारावे की त्या ठिकाणच्या नियमांच्या मानाने छोटे, की नुसते मोठ्या जहाजांच्या मानाने?

या सगळ्या व्यवस्थेचा एकट्या प्रवाशाला होणारा फायदा माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेला असतो. गट जहाज पाडते, वेळ जहाज ठरवते, आणि दिवसभर एकच गोष्ट पाहिलेली असल्यामुळे संध्याकाळी बोलायला विषय आयता असतो. जेवणापूर्वी सगळे एका सभागृहात जमून दिवसाचा आढावा ऐकतात, तिथून थेट जेवायला जातात, आणि बहुतेक मोहीम-जहाजांवर जागा ठरलेल्या नसल्यामुळे मोठ्या टेबलाशी कोणीही कोणाच्याही शेजारी बसतो. ओळख काढण्याचा संकोच ज्यांना फार वाटतो, त्यांच्यासाठी माझ्या मते याहून सोपी जागा नाही. मात्र याचीच दुसरी बाजू अशी की ध्वनिक्षेपक पहाटेसुद्धा वाजतो, देवमासा दिसला म्हणून; आणि ज्याला सुटीत उशिरापर्यंत झोपायचे आहे, त्याला हा उत्साह तिसऱ्या दिवशी नकोसा होऊ शकतो.

बुटीक जहाजाचा दिवस याच्या उलट बाजूने उलगडतो. ‘सी-ड्रीम’ जोडीतील जहाजे घ्या. १९८० च्या दशकाच्या मध्यात बांधलेली ही जहाजे शंभराहून थोड्याच अधिक प्रवाशांना घेऊन जातात, मोठी जहाजे मावत नाहीत अशा लहान बंदरांत शिरतात, मागच्या बाजूने फळी उघडून पोहायला पाण्यात सोडतात, आणि ‘काय करावे’ हे शक्यतो प्रवाशावर सोडतात. बंदर सकाळी येते, संध्याकाळी सुटते, मधला वेळ तुमचा. ही मोकळीक दोघांना मिळते तेव्हा चैन असते. एकट्याला मिळते तेव्हा ती चैन की ओझे, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर ठरते. दिवस तसा अवघड जात नाही. कसोटी रात्री आठ वाजता उपाहारगृहाच्या दारात लागते. व्यवस्थापक अदबीने विचारतो, ‘किती जण?’ आणि ‘एकच’ हे उत्तर ऐकून तो खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलावरची एक ताटली, एक काटा आणि एक पेला सफाईने उचलून नेतो. हा पेला उचलला जाण्याचा आवाज काहींना ऐकूसुद्धा येत नाही, काहींना मात्र रोज रात्री येतो. अशा जहाजांवर लग्नाचे वाढदिवस साजरे करायला आलेली जोडपी बरीच असतात, हेही ध्यानात ठेवावे. काही कंपन्या यावर उपाय म्हणून यजमान-टेबल ठेवतात, म्हणजे जहाजाचा एखादा अधिकारी एकट्या प्रवाशांना आपल्या टेबलावर बोलावतो. पण हे रोज असते की आठवड्यातून एकदा, याची चौकशी आधी केलेली बरी. पुस्तकांची पिशवी घेऊन, कोणी न हटकता दहा दिवस काढायचे असतील, तर मात्र बुटीक जहाजासारखे सुख नाही आणि तिथे मोहीम-जहाजाची शिफारस करणारा सल्लागार चुकतो आहे असे खुशाल समजावे.

किनाऱ्यावर गेल्यानंतरचा एक फरक लहान वाटतो, पण एकट्याच्या दृष्टीने मोठा आहे. मोहीम-जहाजावर फळ्यावरची एक चकती जरी उलटी राहिली, तरी जहाज नांगर उचलत नाही. सगळे परतल्याची खात्री झाल्याशिवाय निघणे त्यांना शक्यच नसते. बुटीक जहाज बंदराच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. धक्क्याची जागा आणि जहाजाला बंदराबाहेर काढणाऱ्या वाटाड्याची (पायलटची) वेळ ठरलेली असते, म्हणून स्वतःहून भटकायला गेलेला प्रवासी वेळेत परतला नाही, तर जहाज त्याला सोडून जाऊ शकते. जहाजानेच आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर सहसा थांबतात. जोडीदार घड्याळाची आठवण करून देतो. एकट्याने फोनमध्ये जहाजाची वेळ, जी स्थानिक वेळेहून वेगळी असू शकते, लावून ठेवावी.

आता पैशाकडे येऊ, कारण निवडीचे घोडे बहुधा इथेच अडते. केबिनचे भाडे माणशी सांगितले जाते, पण ते दोघे राहतील असे गृहीत धरून. एकट्याने ती केबिन घेतली की वर जो अधिभार लागतो त्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात, आणि तो अगदी थोड्या टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतो. माणशी भाडे १०० धरले, तर ५० टक्के अधिभाराने एकट्याला १५० पडतात, १०० टक्क्यांनी २००. ‘अधिभार माफ’ अशी जाहिरात दिसली की मूळ भाडे त्याच सफरीसाठी जोडप्यांना किती सांगितले आहे तेही पाहावे. बंदर-कर आणि कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी ही डोईप्रमाणे असते. तीही दुप्पट लावलेली दिसली तर खुलासा मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मुळातच एकट्यासाठी बांधलेली केबिन ही वेगळी गोष्ट. या केबिनांचा गाजावाजा २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’ने अशा १२८ केबिना आणल्यावर झाला, पण ते हजारोंचे जहाज होते. छोट्या जहाजांत जागाच मोजकी, त्यामुळे त्या अगदी थोड्या असतात किंवा नसतातच. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर फिरणारे पन्नासेक प्रवाशांचे ‘हेब्रिडियन प्रिन्सेस’ हा सुखद अपवाद आहे. फेरीबोटीचे रूपांतर करून बनवलेल्या या जहाजावर एकट्यांच्या केबिना लक्षणीय प्रमाणात आहेत. मोहीम-जहाजांकडे आणखी एक वाट असते, जी बुटीक जहाजांवर सहसा सापडत नाही: केबिन वाटून घेणे. अनेक कंपन्या त्याच लिंगाच्या दुसऱ्या एकट्या प्रवाशाशी जोडी लावून देतात, आणि जोडी जुळली नाही तरी काही कंपन्या अधिभार घेत नाहीत. घोरणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर दोन आठवडे काढण्याची तयारी असेल, तर यासारखी बचत दुसरी नाही.

केबिनची जागाही पाहावी, कारण स्वस्त सिंगल केबिन बऱ्याचदा जहाजाच्या पुढच्या टोकाला किंवा अगदी खालच्या डेकवर काढलेली असते. पुढच्या टोकाला हेलकावे सर्वांत जास्त आणि नांगराच्या साखळीचा खडखडाट वर. ज्यांना बोट लागते त्यांनी मधली, खालची केबिन घ्यावी, मग खिडकी गोल आणि लहान असली तरी चालेल. बर्फातून वाट काढण्यासाठी गोलसर तळ असलेली जहाजे उघड्या समुद्रात अधिक डोलतात आणि बर्फात शिरताना डोलणे कमी करणारे, बाजूंचे स्थिरक पंख आत ओढून घ्यावे लागतात. अंटार्क्टिकाच्या वाटेवर ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस केबिनमध्ये पडून काढायची वेळ आली, तर पाणी आणून देणारे दुसरे कोणी खोलीत नसते. अशा वेळी पहिल्याच दिवशी केबिन-कर्मचाऱ्याला आपण एकटे असल्याचे सांगून ठेवण्यात संकोच कसला?

दूरच्या पाण्यात मदत म्हणजे बहुधा दुसरे जहाज. लिंडब्लाड यांचे तेच जुने जहाज नोव्हेंबर २००७ मध्ये, ‘एक्स्प्लोरर’ या नावाने चालत असताना, अंटार्क्टिकाजवळ बर्फाशी टक्कर होऊन बुडाले; त्यावरील सर्व १५४ जण वाचले, कारण जवळ असलेले एक जहाज त्यांना घ्यायला पोहोचले. म्हणूनच बऱ्याच मोहीम-कंपन्या वैद्यकीय स्थलांतराचा विमा सक्तीचा करतात. बुटीक जहाज बंदरांच्या आसपास राहते, तरी दवाखाना तिथेही छोटाच असतो. आपल्या औषधांची आणि ॲलर्जींची यादी लिहून जहाजाच्या डॉक्टरकडे देण्याचे काम एरवी जोडीदार करतो. एकट्याने ते चढताक्षणी स्वतःच करावे.

या दोन्हींतले आपले कोणते, हे ठरवायला माहितीपत्रकापेक्षा एक साधा कागद जास्त उपयोगी पडतो. कंपनीकडे त्याच मार्गावरच्या मागच्या सफरीची रोजची कार्यक्रमपत्रिका मागावी. ती बहुधा पाठवतात. सकाळचे रकाने सोडून द्यावेत आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे आढावा, व्याख्यान आणि सगळ्यांचे एकत्र जेवण असे ओळीने छापलेले असेल तर ते एक जहाज. तिथे फक्त ‘उपाहारगृह सात वाजता उघडेल’ एवढीच ओळ असेल तर ते दुसरे.