घशाला न दुखवता पोट पाहण्याची दीडशे वर्षं

आईची पहिली एन्डोस्कोपी, म्हणजे घशातून दुर्बिणीची नळी घालून पोटाची तपासणी, झाली तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे बसले होते. घशात कडू फवारा मारलेला, दातांत प्लास्टिकची कडी, डाव्या कुशीवर निजवलेलं, गालाखाली टॉवेल. तपासणी पाच-सात मिनिटांचीच, पण तेवढ्या वेळात तिला आलेल्या कोरड्या उमाशांचा आवाज मला अजून आठवतो. बाहेर आल्यावर म्हणाली, "पोटाला काही झालं नाही गं, घशाचे मात्र हाल झाले."

या तपासणीच्या साऱ्या इतिहासात घशाचे हेच हाल आहेत.

१८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी पहिल्यांदा जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याचा प्रयत्न केला. नळी धातूची, ताठ, ४७ सेंटिमीटर लांब आणि १३ मिलिमीटर जाड. ती गिळायला त्यांना तलवार गिळण्याचे खेळ करणारा कलाकार लागला, कारण मान मागे टाकून घसा सरळ धरणं आणि उमासा दाबणं हे त्यालाच जमत होतं. आपल्याकडे वस्त्रधौती, म्हणजे कापडाची लांब पट्टी गिळून परत बाहेर काढण्याची योगक्रिया, करणारे साधक घशाला असंच वळण लावतात, पण तेही महिनोन् महिन्यांच्या सरावाने. दुखणाईत माणसाने हे कसं करावं? शिवाय उजेड इतका अपुरा होता की आत फारसं काही दिसलंच नाही. १८८१मध्ये व्हिएन्नात मिकुलिच या डॉक्टरांनी विजेचा दिवा जोडला. उजेड आला, पण नळी ताठच राहिली.

पुढचं नाव जर्मन डॉक्टर रुडॉल्फ शिंडलर यांचं. १९३२मध्ये त्यांनी गेओर्ग वोल्फ या कारागिराकडून अर्धवट वाकणारी दुर्बीण बनवून घेतली. नळीत भिंगांची लांबलचक रांग, टोकाकडचा भाग थोडा वाकेल असा. अन्ननलिका फाटण्याचा धोका तिच्यामुळे पुष्कळ कमी झाला. पण मला त्यांच्या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची पत्नी गाब्रिएले. तपासणी चालू असताना रुग्णाचं डोकं त्या दोन्ही हातांत धरून ठेवत. मान किती मागे, हनुवटी किती वर, हे त्या हातांवर ठरे. उपकरणाइतकाच त्या हातांनी रुग्णाला आधार दिला, असं मी मानते.

१९५०मध्ये जपानने वेगळी वाट धरली. तोक्यो विद्यापीठाचे डॉक्टर उजी आणि कॅमेरे बनवणाऱ्या ऑलिंपस कंपनीचे सुगिउरा व फुकाई यांनी नळीच्या टोकाला चिमुकला कॅमेराच बसवला. डॉक्टरांना आतलं दिसत नसे. खोलीत अंधार करायचा, पोटाच्या कातडीतून उमटणारा दिव्याचा उजेड पाहून कॅमेरा कुठे आहे ते ओळखायचं, आणि फोटो काढायचे. जपानमध्ये आजही लोक या तपासणीला 'पोटाचा कॅमेरा' अशा अर्थाच्या शब्दानेच ओळखतात.

खरी लवचीकता काचतंतूंनी, म्हणजे उजेड वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक धाग्यांनी, आणली. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४मध्ये लंडनहून 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे मांडलं. ते वाचून डॉक्टर बेझिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात सहकाऱ्यांसह वाकणारी दुर्बीण तयार केली. १९५७मध्ये ती आधी त्यांनी स्वतःच गिळली, तीही घसा बधिर न करता. काही दिवसांनी एका रुग्ण बाईंची तपासणी झाली. दुसऱ्याच्या घशात घालण्याआधी स्वतःच्या घशात घालून पाहणारा डॉक्टर मला फार मोठा वाटतो.

त्यानंतर प्रतिमा सुधारत गेली. १९८०च्या दशकात तंतूंच्या जागी टोकाला इलेक्ट्रॉनिक चिप आली, चित्र पडद्यावर दिसू लागलं. तोंडातून घालायची दुर्बीण मात्र नऊ-दहा मिलिमीटर जाडीचीच राहिली. त्रास नको तर गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, हा त्यावरचा उपाय. पण मग नाडी आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवावं लागतं, सोबत कुणीतरी लागतं आणि त्या दिवशी गाडी चालवता येत नाही.

१९९४मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीचे डॉक्टर रेझा शेकर यांनी गुंगी न देता, नाकातून, साधारण साडेपाच मिलिमीटरच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यामागचं कारण शरीररचनेत आहे. उमासा येतो तो जिभेचं मूळ, मऊ टाळू आणि घशाची मागची भिंत दाबली गेली की. तोंडातून जाणारी नळी जिभेच्या मुळावरून वळण घेते. नाकातून गेलेली टाळूच्या मागून सरळ खाली उतरते आणि जिभेच्या मुळाला फारशी शिवत नाही. तोंड मोकळं असल्याने रुग्ण बोलू शकतो, "जरा थांबा" म्हणू शकतो. निमूट पडून राहण्यात आणि हे दोन शब्द म्हणता येण्यात किती अंतर आहे, ते त्या टेबलावर पडलेल्यालाच कळतं.

जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं, त्यामुळे ही पद्धत तिथे झपाट्याने रुजली. २०१६पासून तिथल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात पन्नाशीपुढच्यांसाठी दर दोन वर्षांनी एन्डोस्कोपीचा पर्याय आहे. धडधाकट माणसाने पुन्हा यावं असं वाटत असेल, तर पहिला अनुभव सुसह्य हवाच.

नाकाची वाट सगळ्यांना सोसते असं नाही. आधी नाकातली सूज उतरवणारे थेंब आणि बधिर करणारी जेली लावावी लागते. तरी काहींना नाकात दुखतं, काहींचा घोळणा फुटतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायलाच हवं. नळी बारीक म्हणून तिच्यातून जाणारी अवजारंही बारीक, आणि आतलं पाणी ओढून घ्यायला वेळ लागतो. रक्तस्राव थांबवणं किंवा मोठी गाठ काढणं यांसाठी तोंडातून जाणारी जाड दुर्बीणच लागते. हीच बारीक दुर्बीण तोंडातूनही घालता येते, आणि जाडीच्या मानाने तीही बरीच सुसह्य ठरते.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी आईने स्वतःच विचारलं, नाकातून होईल का. तिच्या नाकाचं हाड वाकडं, दोन्ही बाजू अरुंद, त्यामुळे जमलं नाही. तोंडातूनच झाली. या खेपेला मात्र सिस्टर तिच्या उशाशी उभ्या होत्या, एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली, आणि "मावशी, नाकाने श्वास घ्या, लाळ गिळू नका, बाहेर जाऊ द्या" असं शेवटपर्यंत हळूहळू सांगत होत्या.