चितींचे घनफळ व पृष्ठफळ

दोन समांतर व एकरूप बहुभुज तळ आणि त्यांना जोडणारे समांतरभुज चौकोन यांनी बंदिस्त झालेली घनाकृती म्हणजे चिती. इष्टिकाचिती व घन हे तिचेच प्रकार. घनफळ = तळाचे क्षेत्रफळ × उंची; चिती तिरपी असली तरी लंब उंची घेतल्यास हेच सूत्र चालते. सरळ चितीच्या उभ्या पृष्ठांचे क्षेत्रफळ = तळाची परिमिती × उंची. त्यात दोन तळ मिळवले की एकूण पृष्ठफळ येते. बाजू 'अ' असलेल्या घनाचे घनफळ अ³, पृष्ठफळ ६अ².

आर्यभटाच्या 'आर्यभटीय' या ग्रंथात (इ. स. ४९९) घनाला 'द्वादशाश्रि', म्हणजे बारा कडांचा, म्हटले आहे. त्याच ग्रंथात सहा कडांच्या सूचीचे (त्रिकोणी तळ व वर एक टोक असलेल्या घनाकृतीचे) घनफळ तळाचे क्षेत्रफळ व उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे सांगितले आहे. वस्तुतः ते एकतृतीयांश असते. श्लोकाचा वेगळा अर्थ लावून हा दोष काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. तथापि पहिल्या भास्कराने आर्यभटीयावरील इ. स. ६२९ च्या भाष्यात श्लोक सरळ अर्थानेच घेतला असल्याने ते प्रयत्न ओढूनताणून केलेले वाटतात.

ब्रह्मगुप्ताने (इ. स. ६२८) एकतृतीयांशाचा नियम अचूक दिला. वर रुंद व खाली अरुंद होत जाणाऱ्या खड्ड्यासाठी त्याची रीत अशी: तोंड व तळ यांच्या बाजूंची सरासरी घेऊन एक घनफळ काढावे, दोन्हींच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन दुसरे, फरकाचा तिसरा हिस्सा पहिल्यात मिळवावा. भास्कराचार्यांच्या (दुसऱ्या भास्कराच्या) 'लीलावती'तील (इ. स. ११५०) वापी, म्हणजे विहीर, तोंडाशी १२ × १० हात, तळाशी ६ × ५ हात आणि ७ हात खोल आहे. या रीतीने पहिले फळ ४७२.५, दुसरे ५२५. उत्तर ४९० घनहस्त. भास्कराचार्य तोंडाचे (१२०), तळाचे (३०) आणि बाजूंच्या बेरजांचे (१८ × १५ = २७०) क्षेत्रफळ एकत्र करून ६ ने भागतात व ७ ने गुणतात; उत्तर तेच. ग्रीक गणिती हेरॉनच्या 'मेट्रिका' या ग्रंथात याच्याशी तुल्य सूत्र असल्याने ग्रीक प्रभावाची शंका घेता येते. पण निव्वळ साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही, सुमारे इ. स. पू. १८५० च्या मॉस्को पपायरस या प्राचीन इजिप्ती हस्तलिखितातही चौरस तळाच्या छिन्न (माथा कापलेल्या) सूचीचे घनफळ बिनचूक काढलेले आहे.

लीलावतीच्या चितिव्यवहारात (येथे चिती म्हणजे रचलेली रास) विटांचा हिशेब येतो. वीट १८ × १२ × ३ अंगुळे, रास ८ × ५ × ३ हात. हाताची २४ अंगुळे धरता विटेचे घनफळ ३/६४ घनहस्त, राशीचे १२०. म्हणून विटा २,५६०, थर २४. मजुरी मात्र कारागिरांशी ठरवून, माल मऊ की कठीण ते पाहून द्यावी, असे भास्कराचार्य सांगतात.

पृष्ठफळाकडे या ग्रंथांचे लक्ष त्या मानाने कमी. क्रकचव्यवहारात करवतीने चिरलेल्या लाकडाचे क्षेत्रफळ मोजले जाते, तेवढाच जवळचा संदर्भ. महाराष्ट्रात आजही वाळू-खडीचा १ ब्रास म्हणजे १०० घनफूट (सुमारे २.८३ घनमीटर), तर गिलावा किंवा फरशीचा १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट; कोणता ब्रास, ते कामावरून ओळखायचे.