मिलानचं वीजबिल आणि युरोपचा कायदा

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. वकील आणि पक्षकार त्यासाठी कित्येक दशकं झगडले. कोर्ट जवळ आलं की माणूस हक्कासाठी दार ठोठावतो, हे मुंबईचे हेलपाटे घातलेल्या सहा जिल्ह्यांना वेगळं सांगायला नको. युरोपात तर गावच्या कोर्टानेच देशोदेशींचे कायदे एकमेकांत गुंफले.

इटलीने 1962 साली विजेचं राष्ट्रीयीकरण केलं. मिलानचे वकील फ्लामिनिओ कोस्ता यांचे शेअर सरकारने ताब्यात घेतलेल्या एका वीजकंपनीत होते. चिडून, हे राष्ट्रीयीकरण युरोपीय आर्थिक समुदायाच्या स्थापनेच्या कराराविरुद्ध आहे असं म्हणत, त्यांनी नव्या सरकारी कंपनीचं 1,925 लिरांचं बिल भरायचं नाकारलं. रक्कम किरकोळ, त्यामुळे दावा अगदी खालच्या पायरीवरच्या न्यायाधीशापुढे आला. त्याच्या निकालावर अपील नव्हतं, आणि अशा कोर्टाने या कराराच्या अर्थाबद्दलचा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवलाच पाहिजे, असं त्याच कराराचं कलम 177 सांगत होतं. 15 जुलै 1964 ला उत्तर आलं: देशाने नंतर केलेला कायदाही युरोपीय कायद्याला डावलू शकत नाही. राष्ट्रीयीकरण काही रद्द झालं नाही, पण तत्त्व टिकलं. मूळ करारात ते कुठेही लिहिलेलं नव्हतं!

लक्झेंबर्गकडे ना पोलीस, ना जप्तीला जाणारा बेलिफ. तरी निकाल लागू झाले, कारण शेवटचा हुकूम स्थानिक न्यायाधीशाच्या सहीने निघतो आणि आपल्याच कोर्टाचा हुकूम मोडणं सरकारला जड जातं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच रचना.

राजकारण मात्र गप्प बसलं नव्हतं. 1965 मध्ये फ्रान्सने युरोपीय समुदायाच्या मंत्र्यांच्या बैठकांवर बहिष्कार घातला. जानेवारी 1966 च्या तडजोडीने महत्त्वाच्या हितासाठी निर्णय अडवून धरण्याची मुभा देशांना मिळाली. नवे नियम आपल्या संमतीशिवाय होणार नाहीत, या भरवशावरच सरकारांनी न्यायालयाचं वर्चस्व सोसलं, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

जर्मनीच्या संविधान न्यायालयाने 1974 साली बजावलं, की युरोपात मूलभूत हक्कांना पुरेसं संरक्षण मिळेपर्यंत आम्ही तुमचे नियम तपासू. 1986 मध्ये समाधान झाल्यावर ते मागे सरलं. पण 5 मे 2020 ला, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीवरून, त्याने लक्झेंबर्गचा निकाल अधिकाराबाहेरचा ठरवला. 2021 च्या जूनमध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाने, जर्मनीवर कारवाई सुरू केली आणि जर्मन सरकारने युरोपीय कायद्याचं श्रेष्ठत्व मान्य असल्याची हमी दिल्यावर डिसेंबरमध्ये ती बंद केली.