सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांचं पुढे काय झालं, याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांचं मृत्यूचं प्रमाण राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होतं. ड्रग्जच्या ओव्हरडोसने होणारे मृत्यू तर १२९ पट.

यामागचं कारण शरीरात आहे. हेरॉइन, फेंटानिल ही ओपिऑइड गटातली द्रव्यं मेंदूत श्वासावर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राला मंदावतात. रोज घेणाऱ्याचं शरीर हळूहळू त्याला सरावतं आणि तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागू लागते. तुरुंगात ती मिळाली नाही, की काही आठवड्यांतच हा सराव उतरतो. बाहेर आल्यावर ओढ मात्र पूर्वीइतकीच असते. हात जुन्याच मात्रेकडे जातो आणि झोपेतच श्वास थांबतो.

बाईच्या बाबतीत याच काळात आणखी एक गोष्ट घडते. त्या गोष्टीकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून एक संप्रेरक ठरावीक ठेक्यात स्रवत असतं. त्या ठेक्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि तिच्या इशाऱ्यावर बीजकोषात अंडं पिकतं. ओपिऑइडमुळे हा ठेका बिघडतो. पाळी अनियमित होते, कित्येकींची तर महिनोन्महिने येतच नाही. पाळीच नाही म्हटल्यावर आपल्याला दिवस जाणार नाहीत, असं बाई धरून चालते. व्यसन सुटलं की ठेका परत जमू लागतो. आणि आधी अंडं बाहेर पडतं, पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पाळी परत सुरू झाल्याचं कळायच्या आतच दिवस जाऊ शकतात. पुढे मळमळ, थकवा, झोप उडणं सुरू झालं, तरी ही नशा तुटल्याची लक्षणं असतील असंच तिला वाटत राहतं. ओपिऑइडच्या विळख्यातल्या ९४६ गरोदर स्त्रियांना विचारलं तेव्हा सुमारे ८६ टक्के गर्भधारणा ठरवून झालेल्या नव्हत्या, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत दिसलं.

थोडक्यात, तुरुंगाबाहेर पडणाऱ्या बाईच्या शरीराने नशा सोसण्याची ताकद गमावलेली असते आणि गर्भ राहण्याची क्षमता परत मिळवलेली असते. एकाच कालावधीने घडवलेले हे दोन बदल. तरी व्यसनाचा दवाखाना वेगळा, स्त्रीरोगतज्ज्ञ वेगळे, आणि सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याच्या तारखा तिसरीकडेच. या चुकीच्या वाटणीवर उपाय शोधायचा तर मोबाइल फोनवरचं ॲप हे मला खरंच कामाचं साधन वाटतं.

दिवस गेल्यावर व्यसन एका झटक्यात तोडा, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. वैद्यकशास्त्राचं म्हणणं वेगळं आहे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही ओपिऑइडच्या व्यसनावर दिली जाणारी औषधं गरोदरपणातही चालू ठेवायची असतात, कारण ती तोडली की पुन्हा नशेकडे वळण्याचा आणि त्यातून ओव्हरडोसचा धोका वाढतो. बाळाला जन्मानंतर त्रास होऊ शकतो, पण त्यावर उपचार आहेत. २०१० मध्ये या दोन औषधांची तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १० दिवसांत रुग्णालयातून घरी गेली, मेथाडोनवाल्या आयांच्या बाळांना १७.५ दिवस लागले. गरोदरपणाचे महिने सरतात तसं शरीर मेथाडोन लवकर वापरून टाकतं, म्हणून मात्रा वाढवावी लागते. हे माहीत नसलेल्या बाईला वाटतं, आपलं व्यसनच वाढलं. तिच्या फोनवर त्याच आठवड्यात आलेला दोन ओळींचा खुलासा अशा वेळी मोठा आधार ठरू शकतो.

२०२० पासून अमेरिकेत ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार प्रत्यक्ष न भेटता, फोन किंवा व्हिडिओवरूनही सुरू करता येतो. मेथाडोनसाठी मात्र ठरावीक केंद्रातच जावं लागतं, तिथे ॲप हतबल आहे. ॲपचा उपयोग होतो याला पुरावाही आहे. दारूच्या व्यसनावर निवासी उपचार घेऊन घरी निघालेल्या ३४९ जणांची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ॲप असलेला फोन दिला होता. महिन्यातले जास्त पिण्याचे दिवस त्यांच्यात सरासरी १.३९, तर इतरांमध्ये २.७५ भरले. त्या ॲपमध्ये घाबरलं की दाबायचं बटण होतं. जिथे पिण्याचा मोह होई अशा जागेच्या जवळ माणूस गेला, की फोन त्याला सावध करी.

माणूस कुठे आहे ते फोनला कळणं हीच त्या ॲपची ताकद होती. पॅरोलवरच्या बाईला नेमकी तीच भीती असते. तिची भीती खोटी म्हणता येत नाही. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात एका सार्वजनिक रुग्णालयाने गरोदर स्त्रियांच्या लघवीत कोकेन आहे का हे तपासून निकाल पोलिसांना कळवले होते. संमतीशिवाय असं करणं घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपने खासगी माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांना पुरवल्याचं प्रकरण २०२१ मध्ये सरकारी आयोगासमोर तडजोडीने मिटलं. जून २०२२ मध्ये अमेरिकेत गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण गेलं, तेव्हापासून अशा नोंदी आणखी नाजूक झाल्या आहेत. म्हणून माहिती कमीत कमी घेणं, ती वेळेवर पुसणं आणि प्रोबेशन खात्याकडे काय जाईल, काय जाणार नाही हे पहिल्याच पडद्यावर साध्या भाषेत सांगणं, एवढं तरी हवंच.

गर्भनिरोधनाबाबत तर पाऊल आणखी जपून टाकावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत २००५ ते २०१३ दरम्यान १४४ स्त्रियांची नसबंदी झाली. त्यांतल्या ३९ जणींची संमती नियमाप्रमाणे घेतली नव्हती, असं राज्याच्या लेखापरीक्षणात आढळलं. या पार्श्वभूमीवर ॲपने साधनांची जाहिरात करू नये. आधी विचारावं: येत्या वर्षात तुम्हाला मूल हवंय का? हो, नाही, अजून ठरवलं नाही, यांपैकी कोणतंही उत्तर चालावं. ‘हो’ म्हणणारीला फॉलिक ॲसिड आणि चालू औषधांची माहिती मिळावी. ‘नाही’ म्हणणारीला साधनांची माहिती मिळावी, आणि ती नंतर नको झाली तर कुठे काढून मिळतील तेही.

हे सगळं सुटकेच्या दिवशी सुरू करायचं म्हटलं तर उशीर होतो, कारण त्या दिवशी तिच्याकडे बहुधा फोनच नसतो. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून सुटकेआधी ९० दिवसांपर्यंत काही सेवा देण्याची परवानगी मिळाली, असं करणारं ते पहिलं राज्य. त्या ९० दिवसांत गरोदरपणाची तपासणी होऊ शकते, ब्युप्रेनॉर्फिन सुरू होऊ शकतं, फोनवर पुढे बोलणाऱ्या परिचारिकेची आतच एकदा समोरासमोर भेट होऊ शकते. ओव्हरडोसमध्ये श्वास परत आणणाऱ्या नालोक्सोनचा नाकात मारायचा फवारा मार्च २०२३ पासून अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मंजुरी आहे. तो आणि चालू सिमकार्ड असलेला फोन तिच्या सामानासोबतच हातात पडायला हवा.