झटका आलेल्या मुलाच्या तोंडात चमचा घालू नये

झटका आल्यावर मूल जीभ गिळते, म्हणून त्याच्या दातांमध्ये चमचा धरावा, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. तो काळजीपोटीच दिला जातो. परंतु जीभ तोंडाच्या तळाशी पक्की जोडलेली असल्यामुळे ती गिळली जाऊच शकत नाही. आरशासमोर जीभ टाळूला लावून पाहिल्यास तिला खाली बांधून ठेवणारी पातळ घडी कोणालाही दिसेल. जीभ चावली जाऊ शकते हे खरे, पण ती जखम बहुधा भरून येते. चमच्याने मात्र दात तुटून त्याचा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि हा धोका कितीतरी मोठा आहे.

म्हणून पाळणाघरातील कर्मचाऱ्यांना आणि पालकांना एकच कृती शिकवावी: मुलाला कुशीवर वळवावे, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही फार लांब वाटते. ६ महिने ते ५ वर्षे या वयात तापामुळे येणारे बहुतेक झटके ५ मिनिटांच्या आत थांबतात. त्याहून लांबल्यास किंवा नंतर श्वास नीट चालत नसल्यास तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. झटका पहिलाच असेल, तर तो थांबल्यावरही मुलाला डॉक्टरांना दाखवावे. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नये.