पलटण सुटते, पोट सुटतं

जवान निवृत्त होतो तेव्हा तो म्हातारा झालेला नसतो. पंधरा-वीस वर्षांची नोकरी करून पेन्शन घेऊन घरी येतो, तेव्हा बहुतेकांनी चाळिशीही धड ओलांडलेली नसते. मुलं शाळेत, घराचं बांधकाम अर्धवट, म्हणजे दुसरी नोकरी आलीच. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरकडचे कितीतरी माजी सैनिक त्यासाठी मुंबई गाठतात. बँकेच्या दारात, टॉवरच्या गेटवर, मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बारा-बारा तासांची ड्युटी करतात. दोन-तीन वर्षांत पोट सुटतं, मग बीपीची गोळी लागते, मग शुगर. आणि घरचेसुद्धा विचारतात, ‘फौजी ना तू? मग शिस्त कुठे गेली?’

हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. पलटणीत असताना त्या शिस्तीचा मोठा वाटा भोवतीच्या माणसांनी उचललेला असतो. पहाटे पीटीला फॉल-इन, लंगरचं ठरल्या वेळचं जेवण, रात्री रोलकॉल आणि सुखदुःखात कायम जोडीला असणारा बडी. एक माणूस कमी दिसला की कुणीतरी विचारणारच. निवृत्तीच्या दिवशी वर्दीबरोबर हे सगळं एकदम जातं. माणूस तोच राहतो, त्याला धरून ठेवणारी चौकट मात्र नाहीशी होते. वजन आटोक्यात ठेवण्याबद्दल गेल्या काही दशकांत झालेलं संशोधन पाहिलं की वाटतं, माजी सैनिकाला आहाराच्या छापील तक्त्याआधी बडी परत मिळायला हवा.

आधी शरीराचा हिशोब पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये काढलेल्या शिफारशींनुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला जड कष्टाच्या कामासाठी दिवसाला सुमारे 3470 किलोकॅलरी लागतात, बैठ्या कामासाठी 2110. फरक 1360 किलोकॅलरींचा, म्हणजे ढोबळमानाने दहा-बारा चपात्यांचा. वर्दी उतरवून गेटवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची गरज अशी झपाट्याने उतरते. भूक आणि हाताची सवय मात्र तेवढ्या वेगाने उतरत नाही. त्यात रात्रपाळी. झोपेचं घड्याळ उलटं फिरलं की भूक आणि साखर सांभाळणाऱ्या संप्रेरकांचं वेळापत्रकही बिघडतं. पहाटे चार वाजता चहा-बिस्किटं आणि ड्युटी सुटल्यावर स्टेशनबाहेर वडापाव, हे मग रोजचंच होऊन बसतं.

‘वजन काही वाढलेलं नाही, रिटायर झालो तेव्हा होतं तेवढंच आहे,’ असं सांगणारे खूप भेटतात, आणि इथेच फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातलं वजन, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपल्या लोकांमध्ये काटा निर्दोष ठरवतो त्या शरीरातही चरबी लपलेली असते, आणि ती बहुधा पोटात, यकृताभोवती साठते. व्यायाम सुटलेल्या जवानाच्या बाबतीत तर स्नायू घटत जातात आणि त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे काटा वर्षानुवर्षं हलतच नाही. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची सुरक्षित मर्यादा 23 च्या आत धरतात, आणि कंबर पुरुषांची 90 सेंटिमीटर, बायकांची 80 सेंटिमीटर. शिंप्याकडची टेप काट्यापेक्षा जास्त खरं बोलते.

वजन उतरवणं अवघड, आणि उतरवलेलं टिकवणं त्याहून अवघड. याचं कारण फक्त मनात शोधून चालणार नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की कडक आहाराने वजन घटवलेल्या लोकांच्या रक्तात भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं वर्ष उलटून गेल्यावरही बदललेलीच होती, बहुतेक भूक वाढवण्याच्या बाजूने. शरीर जणू गेलेली चरबी परत मागत राहतं. तीन महिन्यांचा कोर्स करून प्रमाणपत्र घेण्यासारखं हे काम नाही, वर्षानुवर्षं कुणाची तरी सोबत लागते. एवढा काळ डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ पुरणार नाहीत. शेजारचा माणूस पुरू शकतो.

सोबत किती कामाची, हे मोजलंही गेलं आहे. रेना विंग आणि रॉबर्ट जेफ्री या संशोधकांच्या 1999 च्या अभ्यासात वजन कमी करायला काही जण एकटे आले, काही जण तीन मित्रांना किंवा नातेवाइकांना घेऊन आले. एकट्याने येऊन नेहमीचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी 76 टक्क्यांनी तो पूर्ण केला, पण चौथ्या महिन्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत उतरवलेलं सगळं वजन टिकवलं फक्त 24 टक्क्यांनी. मित्रांसह आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्याची रीत शिकवलेल्या गटात 95 टक्के शेवटपर्यंत राहिले आणि 66 टक्क्यांनी वजन टिकवलं. तीन मित्र गोळा करू शकणारा माणूस मुळातच थोडा वेगळा असू शकतो, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. तरी फरक एवढा मोठा आहे की तो बाजूला सारता येत नाही.

माजी सैनिकांवरचे मला सगळ्यात बोलके वाटणारे दोन अभ्यास वजनाचे नाहीत, वजनाच्या सख्ख्या भावाचे, म्हणजे मधुमेहाचे आहेत. दोन्ही अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतले. पहिला 2010 चा, मिशिगन राज्यातला. साखर आटोक्यात नसलेल्या 244 पुरुषांपैकी अर्ध्यांना परिचारिकेची देखरेख मिळाली. उरलेल्या अर्ध्यांच्या जोड्या लावल्या, दोघेही रुग्ण, साधारण एकाच वयाचे, आणि आठवड्यातून एकदा फोनवर एकमेकांची विचारपूस करायला सांगितलं. सहा महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, जोडीवाल्यांची 8.02 वरून 7.73 वर आली. परिचारिकेकडच्या गटात ती 7.93 वरून 8.22 वर गेली. या जोड्यांमध्ये गुरू कुणीच नव्हता. ज्याला आपण सल्ला देतो त्याच्यासमोर आपण तरी नीट वागलं पाहिजे, ही जाणीव दोन्हीकडून काम करते. देणाऱ्यालाही गुण येतो.

दुसरा अभ्यास 2012 चा, फिलाडेल्फियातला, 118 कृष्णवर्णीय माजी सैनिकांवरचा. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला एकेक सोबती, ज्याची स्वतःची साखर पूर्वी हाताबाहेर गेली होती आणि त्याने ती आटोक्यात आणली होती. या सोबत्यांचं प्रशिक्षण तासाभराचं. तिसऱ्या गटाला साखर उतरवली तर 100 ते 200 डॉलर रोख. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांची सरासरी 9.9 वरून 9.8, पैसेवाल्यांची 9.5 वरून 9.1, आणि सोबतीवाल्यांची 9.8 वरून 8.7. पैशांहून माणूस भारी पडला. त्याच देशात माजी सैनिकांसाठी ‘मूव्ह’ नावाचा वजनाचा सरकारी कार्यक्रम 2006 पासून देशभर चालतो. तो चांगला आखलेला आहे, पण गरज असलेल्यांपैकी फार थोडेच त्यात पाय ठेवतात. पुरुषांना वजनाच्या वर्गात बसायचा संकोच वाटतो, हे जगभर दिसतं.

हा संकोच कसा मोडायचा, ते स्कॉटलंडने दाखवलं. 13 फुटबॉल क्लबांनी आपल्या 35 ते 65 वयाच्या जाड चाहत्यांना मैदानावर बोलावलं. बारा आठवडे, आठवड्याला एक बैठक, आपल्याच क्लबच्या प्रशिक्षकांबरोबर. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत 747 पुरुष होते, आणि वर्षाअखेरीस कार्यक्रमातले लोक बाहेरच्यांपेक्षा सरासरी सुमारे 5 किलोंनी जास्त उतरले होते. दवाखान्यात यायला लाजणारा माणूस आपल्या क्लबच्या फाटकातून मान ताठ ठेवून आत जातो. मुंबईतल्या माजी सैनिकासाठी असं फाटक कुठलं?

मला त्याचं उत्तर लालबागच्या एका चाळीत दिसलं. गिरणगावात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या अजून आहेत. गिरण्यांच्या काळात गावाहून आलेला माणूस आधी तिथे पथारी टाकायचा. अशाच एका खोलीत रविवारी सकाळी दहा-बारा माजी सैनिक जमतात. भिंतीवर गावच्या देवाची तसबीर, खाली गुंडाळून ठेवलेल्या वळकट्या, कोपऱ्यात सतरंजी. एका निवृत्त सुभेदारांच्या हातात शंभर पानी वही आणि पिवळी टेप. प्रत्येकाने शर्ट वर करून श्वास सोडायचा, टेप बेंबीच्या रेषेत, आकडा मोठ्याने वाचला जातो. कुणी हसत नाही. एकाच्या ड्युटीच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन जादा भोकं होती, बकलाजवळचं चामडं चिरलेलं. त्या दिवशी पट्टा कारखान्यातून आलेल्या शेवटच्या भोकात परत बसला होता, आणि तो प्रत्येकाला ते दाखवत होता.

दोन रविवार न आलेल्या गड्याला सुभेदारांनी तिथूनच फोन लावला.

‘काय रे, कुठे हरवलास?’

‘साहेब, डबल ड्युटी लागली होती. रिलीव्हर आलाच नाही.’

‘बरं. गेटवर राउंड मारतोस का बसून असतोस?’

‘मारतो की साहेब. तासाला एक.’

‘मग बुधवारी मी येतो त्या बाजूला. मोजू आपण तिथेच.’

यात आहाराचा सल्ला एक शब्दाचाही नाही. डबल ड्युटी म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे कारण फोडून सांगायला लागलं नाही आणि बहाणाही चालला नाही. डॉक्टर ‘रोज तासभर चाला’ म्हणतो तेव्हा बारा तास उभं राहिलेल्या पायांचा हिशोब त्यात धरलेला नसतो. पूर्वी हाच त्रास काढलेला माणूस ‘तासाला एक राउंड’ सांगतो, आणि ते जमतं. बर्लिनच्या नौकानयन क्लबात 1926 च्या सुमारास ओटो कोलर या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं होतं की गटाचं यश सगळ्यात कमजोर गड्यावर अवलंबून असेल, तर तोच गडी एकट्याने केलं असतं त्यापेक्षा जास्त दम काढतो. पलटणीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पण गटाची ताकद उलट दिशेनेही ओढते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या 12,067 लोकांची 32 वर्षांची नोंद तपासून निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी 2007 मध्ये मांडलं की मित्र लठ्ठ झाला की आपण लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते. या आकड्यावर पुढे बरेच वाद झाले, कारण एकसारखी माणसंच एकमेकांचे मित्र होतात, हेही खरं. तरी फौजी मित्रांची बैठक कशी रंगते हे ज्याने पाहिलंय त्याला मुद्दा पटेल. कँटीनच्या कोट्यातली रम, सोबत तळलेला चकणा. 60 मिलिलिटरच्या एका पेगमध्ये नुसत्या अल्कोहोलच्याच सुमारे 140 किलोकॅलरी असतात, आणि एका पेगवर कोण थांबतं? त्यामुळे गट कुठे जमतो, कधी जमतो आणि काय मोजतो, यावर पुष्कळ ठरतं. सकाळी टेप घेऊन जमणारे आणि रात्री बाटली घेऊन जमणारे पुष्कळदा तेच असतात.

आणि गट म्हणजे हमखास गुण, असंही नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मधुमेहाचा धोका असलेल्या 1007 लोकांवर स्थानिक सोबत्यांनी चालवलेल्या गटांचा मोठा प्रयोग झाला, निकाल 2018 मध्ये आले. दोन वर्षांत गटांमधल्या 14.9 टक्के लोकांना मधुमेह झाला, बाकीच्यांत 17.1 टक्क्यांना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. फळं-भाज्या खाणं वाढलं, दारू कमी झाली, एवढं मात्र दिसलं. मला यातून निराशा वाटत नाही. पण दुसऱ्याच्या यशाचे आकडे इथे चिकटवून मोठी आश्वासनं देणं थांबवायला हवं.

एका बाबतीत मी आग्रही आहे. सोबत्याने औषधाला हात लावायचा नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना कुणी उत्साहाने जेवण अर्ध्यावर आणलं, तर साखर एकदम घसरून माणूस गेटवरच कोसळू शकतो. तसंच धावण्याचं. जुन्या बीपीईटीच्या, म्हणजे सैन्यातल्या धावण्या-बिवण्याच्या चाचणीच्या आठवणीने 90 किलोचा पंचेचाळिशीतला माणूस पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर धावायला निघतो, आणि गुडघा घेऊन परत येतो. छातीत दुखणं, रात्री दचकून उठणं, रोज प्यायल्याशिवाय झोप न लागणं, हे गटाने अंगावर घ्यायचे विषय नव्हेत. त्यासाठी ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक आहे, कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. तिथवर हाताला धरून नेणं हे मात्र सोबत्याचंच काम, कारण ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या फौजीला दुसरा फौजीच हलवू शकतो.

नव्या इमारती, नवं खातं यांची यात गरज दिसत नाही. ईसीएचएस 2003 पासून चालू आहे, तिथे साखर-बीपी तपासून मिळते. दर नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायच्या गडबडीत असतात. बरेच जण आता तो मोबाइलवरून देतात, तरी बँकेत, सैनिक कल्याण कार्यालयात अजून रांगा लागतात. त्या रांगेत एक टेबल मांडावं. प्रत्येकाची कंबर मोजावी, आकडा त्याच्या हातात द्यावा, आणि विक्रोळीत राहणाऱ्याला विक्रोळीतल्याच, दिवसपाळीवाल्याला दिवसपाळीतल्याच दुसऱ्या माजी सैनिकाचा नंबर त्याच्या संमतीने द्यावा. पुढच्या नोव्हेंबरापर्यंत आठवड्याला एक फोन, एवढंच काम. वर्षाने दोघांनी एकत्र यावं आणि पुन्हा टेप लावावी.