मावशीच्या चेहऱ्याचं थिगळ

दिवाळीत सगळे नागपुरात जमले होते तेव्हा फुटाळा तलावावर ग्रुप फोटो काढला, 15 जण, आणि नेमके मावशीचे डोळे मिटलेले. थोड्या वेळापूर्वी झाडाखाली काढलेल्या फोटोत मावशी एकदम झकास, पण तिथे अर्धे लोक भलतीकडेच पाहताहेत. म्हटलं सोपं आहे, तिथला चेहरा कापायचा आणि इथे चिकटवायचा. चिकटवला, फॅमिली ग्रुपवर टाकला, पाच मिनिटांत मावशीचा फोन, "काऊन रे, माह्या तोंडाले थिगळ कायले लावलं?"

थिगळच होतं ते. झाडाखालचा चेहरा सावळा दिसत होता, फुटाळ्यावर सगळ्यांच्या अंगावर ऊन. कड ब्लर करून पाहिली, पण थोडी केली तर रेघ दिसते आणि जास्त केली तर कानाच्या जागी दोन कान भुतासारखे.

या भानगडीवर बर्ट आणि एडलसन या दोघा संशोधकांनी 1983 मध्येच उपाय काढला होता, तोही अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं जोडून (आपल्या गावाला अभिमान वाटावा असं उदाहरण). फोटोचे थर करायचे: मोठा ढोबळ रंग एका थरात, संत्र्याच्या सालीवरची बारीक छिद्रं दुसऱ्यात. ढोबळ रंग रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळायचा, बारीक छिद्रं मात्र अगदी अरुंद पट्ट्यात, आणि मग सगळे थर परत एकत्र. रेघही नाही, भूतही नाही.

मला मात्र खरी मजा वाटली ती 2003 च्या पद्धतीची, पेरेझ, गांग्ने आणि ब्लेक यांची. पिक्सल म्हणजे फोटोतला एकेक ठिपका, आणि त्याचा आकडा म्हणजे तो किती उजळ ते. ते म्हणतात पिक्सलचा आकडा चिकटवूच नका, शेजारच्या दोन पिक्सलमधला फरक चिकटवा. समजा मावशीच्या गालावर ओळीने 120, 124, 131, 128 असे आकडे आहेत, म्हणजे फरक झाले +4, +7, −3. आता फुटाळ्याच्या फोटोत त्याच जागी डाव्या कडेला 190 आणि उजव्या कडेला 210 आहे, आणि कडा तर हलवायच्या नाहीत. 190 पासून 210 पर्यंत 20 चढायचंय, आपले फरक मिळून 8 च भरतात, उरलेले 12 तिन्ही पायऱ्यांवर सारखे वाटून टाकायचे, म्हणजे 190, 198, 209, 210. चढउताराची ढब बऱ्यापैकी मावशीचीच, उजेड फुटाळ्याचा. फोटो आडवा-उभा दोन्हीकडे पसरलेला असल्याने तिथे हे वाटप प्वासाँच्या समीकरणाने होतं, ते उष्णतेच्या गणितातही येतं. तव्याची फक्त कड गरम ठेवली तर उष्णता आत जशी पसरत जाते तशीच ही दुरुस्ती कडेवरून आत झिरपते. लाल, हिरवा, निळा, तिन्हींसाठी वेगवेगळी.

डोळ्याला हे पटतं कारण तोही नुसत्या उजेडापेक्षा फरकच जास्त पाहतो.

पण गोची अशी की हे गणित कडेवर आंधळा विश्वास टाकतं. मी बोटाने गोल काढला तो मागे उभ्या भाचीच्या लालभडक कुर्त्यावरून गेला, आणि मावशीचा डावा गाल टोमॅटोसारखा. म्हणून कुठे चिकटवायचं याच्याही आधी कुठून कापायचं ते महत्त्वाचं, आणि 2004 मध्ये अगरवाला आणि सहकाऱ्यांनी तेच काम कॉम्प्युटरवर सोपवलं: दोन्ही फोटो जिथे एकमेकांसारखे दिसतात तिथूनच तो कात्री चालवतो, उदाहरणार्थ केसांतून किंवा मागच्या एकसारख्या पाण्यावरून. त्यांचं एक उदाहरण ग्रुप फोटोचंच होतं, म्हणजे सगळ्यांच्या मावश्या सारख्याच.

मग मी कुर्ता टाळून पुन्हा कापलं, आणि यावेळी मावशी खूश, फोटो फ्रेम करायला दिला. फक्त काकाने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, सगळ्यांच्या नाकाची सावली उजवीकडे अन् हिचीच डावीकडे कशी? सावली म्हणजे पण फरकच की, गणिताने तीही इमानेइतबारे उचलून आणली होती.